खाटेखालची टोपली

भुंगीने तोंड घट्ट मिटलं की जगातल्या कुठल्याही चमच्याची त्यापुढे मात्रा चालत नसे. दहा महिन्यांचं पोर, पण जबडा कुलपासारखा. तापातून उठून पंधरा दिवस झाले होते आणि तिने अन्नाशी उभा दावा मांडला होता. पेज थुंकली, दुधात भिजवलेला पाव थुंकला, उकडलेला बटाटा तर असा फुर्रकन उडवला की माझ्या भुवईवर येऊन बसला. एरवी दिवसभर तिची गुणगुण चालायची, म्हणून तर ती भुंगी. आता ती गुणगुणही बारीक झाली होती. कडेवर घेतलं की हाताला बरगड्या लागायच्या. मी रोज मोजायचे. बरगड्या काही वाढत नाहीत हे ठाऊक असून मोजायचे.

माझं दूधही आटत चाललं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सासूबाईंना कळलं असावं. त्यांना न सांगता कळायचं आणि कळलेलं त्या सांगायच्या नाहीत.

रविवारी सकाळी त्या लेकीकडे निघाल्या. माझ्या नणंदेचे दिवस भरले होते. दुधाची गाडी कोपऱ्यापर्यंत येते, तीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून जायचं आणि शनिवारी त्याच गाडीने परत यायचं, असं ठरलं होतं. गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या. मागे रिकाम्या किटल्यांचा खडखडाट, इंजिनाची धडधड. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडल्या,

"भुंगीला राख... ली रताळी घाल! कळलं का? राख... ली!"

त्यांच्या वरच्या दातांनी दोन वर्षांपूर्वीच रजा घेतली होती. बोलताना अर्धी अक्षरं हिरड्यांतच राहायची आणि उरलेली त्या दिवशी किटल्यांनी खाल्ली. मी ऐकलं ते असं : राखलेली रताळी घाल.

मी मान डोलावली. गाडी वळली.

घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आमच्या घरात जे जे चांगलं ते सासूबाईंनी राखून ठेवलेलं असे. गूळ राखलेला, नवं पातेलं राखलेलं, जाड पांघरूण पाहुण्यासाठी राखलेलं. एवढंच काय, त्या हसूही राखून ठेवत, कधी उपयोगी पडेल म्हणून. तीन वर्षांत त्यांनी स्वतःहून 'हे घे' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. आणि आज चालत्या गाडीतून ओरडून सांगितलं, राखलेली घाल. नातीसाठी!

त्यांच्या खाटेखाली एक टोपली होती. वर गोणपाट, आत कोरडी वाळू. झाडताना मी केरसुणी तिच्या कडेकडेने फिरवायचे, हात कधी लावला नव्हता. गोणपाट काढलं, वाळू सारली. एकेक रताळं हातभर नाही, पण वीतभर तरी. जांभळट लाल साल, कुठे खरचटलेलं नाही, कुठे कीड नाही. बाजारात अशी मिळत नाहीत. दोन महिने वाळूत पडून ती चांगली मुरली होती. मी एक नाकाशी धरलं. मातीचा वास आणि त्याच्या खाली गोडसर काहीतरी.

मी शिंप्याची मुलगी. माझ्या माहेरी कापडाच्या चिंध्यांतून वाट काढत चालावं लागायचं, मातीतून नाही. रताळं म्हणजे हातगाडीवर मिळतं ते, एवढंच मला ठाऊक. इथे आल्यावर खुरपणी शिकले, भारे उचलायला शिकले, पण पुष्कळ गोष्टी मला कुणी सांगितल्या नाहीत आणि मी विचारल्या नाहीत. विचारलं तर 'एवढंही येत नाही' म्हणतील ही धास्ती.

चुलीतले निखारे मागे ओढले, दोन रताळी पुरली. साल करपून सुटू लागली, एका फटीतून काकवीसारखा थेंब बाहेर आला आणि राखेवर चर्र झाला. भुंगी भिंतीला धरून उभी होती. तिने त्या आवाजाकडे पाहिलं. मी साल सोलली, बोटं भाजली, फुंकून फुंकून आतला पिवळा गर बोटाच्या टोकावर घेतला. चमचा घेतलाच नाही. चमच्याशी तिचं वैर होतं.

बोट ओठांना लागलं. ओठ मिटलेले. मग जीभ आली. नुसतं टोक, चाखून परत आत. मी श्वास धरून. मग ओठ उघडले आणि तिने माझं बोट, गर, नख सगळं मिळून असं ओढून घेतलं की मला रडू आलं.

अर्धं रताळं खाल्लं तिने. उरलेलं अर्धं आणि दुसरं पूर्ण मी उभ्याउभ्या खाल्लं. मला किती भूक होती हे मला तेव्हा कळलं.

मग चार दिवस आमच्या घरात रताळ्यांचं राज्य होतं. सकाळी उकडून, दुधात कुस्करून. दुपारी निखाऱ्यात. एकदा पातळ चकत्या करून तव्यावर, थोडं तेल, कडा तांबूस होईपर्यंत. त्या भुंगी दोन्ही मुठींत धरून चघळायची आणि केसांना पुसायची. संध्याकाळी भुंगीचे बाबा गवंडीकामावरून सिमेंटने पांढरे होऊन यायचे, त्यांना मीठ-तिखट लावून. ते थकलेले असत. पुढ्यात येईल ते खात. सोमवारी म्हणाले, "गोड आहेत गं." मंगळवारी म्हणाले, "आज पण?" बुधवारी नुसतं ताटाकडे पाहिलं. सालं शेळीला. भुंगीची गुणगुण परत आली. माझ्या अंगाला दुधाचा वास परत आला. मी चालता चालता स्वतःशीच हसत होते.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी जेवता जेवता सांगितलं, "शनिवारी पाण्याची पाळी आहे आपली. पहाटे सोडतील. उद्या-परवात वाफे करून ठेवतो. आईची टोपली काढून ठेव."

"कसली टोपली?"

"खाटेखालची. बेण्याची."

"बेण्याची म्हणजे?"

"बेण्याची म्हणजे बेण्याची! यंदा थंडीने शेतातले वेल करपले ना सगळे? एरवी वेलातूनच वेल लावतो आपण. यंदा रताळी पुरून त्यातून वेल काढायचा. म्हणून आईने निवडून निवडून..."

ते चावायचे थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग त्यांनी तोंडातला घास तळहातावर काढला आणि त्याच्याकडे पाहत राहिले, जणू त्यात कुणाचं तरी तोंड दिसतंय.

"अगं," ते म्हणाले, "हे बेणं आहे."

मी उठले. खाटेखालून टोपली ओढली. वाळूत हात घातला, कोपरापर्यंत घातला. तीन निघाली. त्यातलं एक बारकं.

"वीसेक होती," मी म्हणाले.

"आईने सांगितलं खायला?"

"त्या म्हणाल्या राखलेली घाल. गाडीतून ओरडून सांगितलं त्यांनी. शपथ."

ते आधी हसले. तसलं हसू मला परवडलं असतं, पण ते अर्ध्यात मोडलं. "बाजारात मिळेल दुसरं बेणं," म्हणाले, आणि लगेच स्वतःच, "पण हे नाही मिळायचं. हे तिने माहेराहून आणलं होतं. लग्नाच्या गाठोड्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. माझ्याहून जुना वेल आहे तो." ताट तसंच ठेवून ते बाहेर गेले आणि कुदळीचा दांडा ठोकत बसले. दांडा सैल नव्हता.

मग दांड्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आईला तू सांग. मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुंगीला कडेवर मारून निघाले. आधी उकिरडा उकरला. रताळ्यांचे कापून टाकलेले शेंडे सापडले, पण शेंडे उकडल्यानंतर कापले होते. शिजलेलं काय उगवणार. मग चौकातल्या भाजीवालीकडे. तिच्याकडे रताळी होती, पांढरी, पोट सुटलेली. "लाल?" ती म्हणाली, "तुझ्या सासूचीच लाल असायची. यंदाची कधीच संपली." मग घरी. मग परत बाहेर. पायांना जागा सापडत नव्हती. तीन रताळ्यांतून वाफाभर वेल निघाला तर नशीब, आणि शेत एका वाफ्याचं नव्हतं. ती टोपली रिकामी पाहून सासूबाई ओरडल्या असत्या तर मी निभावलं असतं. पण त्या ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या गप्प बसून माझ्या हातून एकेक काम काढून घेतील, आधी शेत, मग चूल, मग भुंगी, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

आता एकच दार उरलं होतं.

आमच्या अंगणाच्या पलीकडे काटेरी कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे थोरल्या जाऊबाई. तीन वर्षांपूर्वी, मी या घरात आले त्याच साली, वाटणी झाली. मग मोठ्या भावोजींनी बांध दोन सऱ्या अलीकडे सारला, की आमच्यांनी पलीकडे सारला होता तो त्यांनी नीट केला, देव जाणे. तेव्हापासून सासूबाईंनी त्या घराचं पाणीसुद्धा वर्ज्य केलं. दोघे भाऊ रस्त्यात भेटले तर एक जण आभाळ बघायचा, दुसरा चप्पल. मी जाऊबाईंशी त्या तीन वर्षांत दोनदा बोलले होते. एकदा त्यांची कोंबडी आमच्याकडे आली तेव्हा, आणि एकदा आमचा कोंबडा त्यांच्याकडे गेला तेव्हा.

त्या शेतात होत्या. आडव्या हाडाच्या, उंच, डोक्याला फडकं बांधलेल्या. कुदळीने रताळ्यांची सरी फोडत होत्या. एकट्याच. भावोजींची कंबर धरली होती म्हणून काढणी महिनाभर मागे पडल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मला पाहून त्यांनी कुदळ थांबवली नाही.

"बाई बाई! वाट चुकलीस की काय, धाकटे?"

"नाही. तुमच्याकडेच आले."

"कोंबडी हरवली का?"

"जाऊबाई, माझ्याकडून बेणं खाल्लं गेलं."

कुदळ थांबली. "काय खाल्लं गेलं?"

मी सांगितलं. भुंगीचा ताप, दुधाची गाडी, राखलेली, निखारे, तव्यावरच्या चकत्यासुद्धा सांगितल्या; का सांगितल्या कोण जाणे. जाऊबाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या सरळ सरीत बसल्या आणि डोळ्यांना फडकं लावून हसल्या.

"म्हातारीचं बेणं! उकडून! दुधात घालून!" त्यांना श्वास पुरेना. "मी त्या घरात आले त्या सालीही थंडीने वेल करपले होते. तेव्हा त्या टोपलीला चुकून पाय लागला माझा, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आणि तू तव्यावर परतलंस! गोड लागलं का गं?"

"खूप," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. भुंगी माझ्या तोंडाकडे बघून गुणगुणायची थांबली.

"बरं बरं. मुलीला नको घाबरवूस." त्या उठल्या, ढुंगण झटकलं. "पण माझ्याकडे कशाला आलीस? माझ्याकडे ही बाजाराची पांढरी. ती हवीत तर ने."

मी डोळे पुसून मान वर केली आणि तेव्हा मला ते दिसलं. त्यांच्या धुण्याच्या दगडामागे, जिथे सांडपाणी जातं, चटईएवढ्या जागेत दाट हिरवा वेल होता. बाजूला जुनी गोधडी घडी घालून ठेवलेली, दवाने ओली. पांढऱ्या रताळ्याचं पान बदामासारखं असतं. याचं पान फाटलेलं होतं, कोंबडीच्या पायासारखं, पाच बोटांचं. ते पान मी तीन वर्षं खुरपलं होतं. झोपेतही ओळखलं असतं.

माझी नजर कुठे आहे ते जाऊबाईंनी पाहिलं होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "बघितलंस तर बघितलंस."

मग कुदळीवर हनुवटी टेकून, दुसरीकडे बघत : "वाटणीच्या दिवशी पळ्या मोजल्या तिने. झारा तुमच्याकडे, उलथनं आमच्याकडे. वेल कुणी मोजला नाही. निघताना चार हात तोडला आणि कमरेला गुंडाळून वरून लुगडं नेसले. चोरी म्हण. दहा वर्षं त्या वेलात माझीही कंबर वाकली होती. यंदा थंडी पडली तेव्हा रोज संध्याकाळी याला गोधडी घातली, आमच्या अंगावरची काढून. नवरा म्हणतो, मला घाल की. म्हटलं, तू करपणार नाहीस."

"मला द्याल?"

"फुकट नाही." त्यांनी दुसरी कुदळ पायाने माझ्याकडे सरकवली. "आज आणि उद्या माझ्याबरोबर काढणी. आणि दुसरं. म्हातारीला सांगायचं वेल कुठला. कुठल्या घरचा, कुणी दिला. चौकातून आणला म्हणालीस, तर मी कुंपणावर उभी राहून बोंब मारीन."

पहिली अट सोपी वाटली आणि दुसरी अवघड. संध्याकाळपर्यंत पहिलीही सोपी उरली नव्हती.

भुंगीला सरीत फडक्यावर बसवलं, हातात एक बारकं रताळं दिलं. जाऊबाई सरीच्या कुशीत कुदळ घालायच्या, वेलाच्या बुडापासून वीतभर लांब, आणि दांडा दाबला की माती उलटून रताळ्यांचा घोस वर यायचा. मी दांडा दाबला की रताळं कापलं जायचं. कच्च्या रताळ्यातून पांढरा चीक येतो. हाताला लागला की चिकटतो, वर माती बसते, आणि तासाभरात तळवे डांबर लावल्यासारखे काळे.

"अगं, रताळं आहे ते, साप नाही. मारतेस कशाला?"

"खोल जातंय."

"खोल नाही, जवळ जातंय. लांबून ये. सासूच्या जवळ जातेस का अशी तडक? लांबून जातेस ना? तसं."

दुपारपर्यंत हाताला फोड आले, संध्याकाळपर्यंत फुटले. भुंगीला मध्ये मध्ये अंगावर घ्यायचे, तर तिच्या गालाला काळं लागायचं. जाऊबाई कुदळ टेकून बघत राहायच्या. त्यांना मूल नव्हतं. एकदा म्हणाल्या, "आण तिला इकडे, तू पाणी पी," आणि घेतलं ते अर्धी सरी होईपर्यंत परत दिलंच नाही. एका हाताने पोर, एका हाताने रताळी गोळा करत होत्या.

"काय म्हणतेय गं ही सारखी?"

"ते तिचं गाणं आहे."

"चाल बरी आहे," जाऊबाई म्हणाल्या.

शुक्रवारी उन्हं कलता कलता काढणी संपली. जाऊबाईंनी विळ्याने वेल कापला. मुळापासून नाही, शेंड्याकडून, हलक्या हाताने. वीतवीतभराचे तुकडे, प्रत्येकाला फुटवा धरायचे चार डोळे. ओल्या फडक्यात गुंडाळून भारा माझ्या डोक्यावर ठेवला. त्या चटईएवढ्या तुकड्यातली अर्धी जागा उघडी पडली होती. त्यांनी तिच्यावर गोधडी ओढली. थंडी केव्हाच सरली होती.

घरी भुंगीच्या बाबांनी वाफे केलेले होते. चारच करायचे होते, दहा केले होते. भारा पाहिला, फडकं बाजूला करून पान पाहिलं. ते पान त्यांनीही लहानपणापासून खुरपलेलं. कुठून, असं विचारलंच नाही त्यांनी. पान बोटांत फिरवलं आणि म्हणाले,

"दादाची कंबर कशी आहे?"

"वाकून चालतात."

"हं," म्हणाले, आणि अकरावा वाफा ओढायला घेतला.

शनिवारी पाटात पाणी आलं तेव्हा नुकतं फटफटलं होतं. ते वाफ्यांची मातीची दारं मोडून पाणी फिरवत होते, मी पुढे वाकून लावत होते. दोन डोळे मातीत, दोन वर. तीन उरलेली रताळीही एका कडेला आडवी पुरली. पाणी फोडांना झोंबत होतं. एकेक तुकडा लावताना मी मनात वाक्यं जुळवत होते : आई, एक चूक झाली. आई, रागावू नका. आई, तुम्हीच म्हणालात. एकही जुळेना. सातव्या वाफ्यात असताना कोपऱ्यावर किटल्यांचा खडखडाट ऐकू आला.

सासूबाई गाठोडं घेऊन सरळ शेतातच आल्या. मुलगा झाला, दोघं बरी आहेत, हे त्यांनी बांधावरूनच सांगितलं. मग बांधावर बसलेल्या भुंगीजवळ वाकल्या आणि दोन बोटांनी तिचा दंड दाबला.

"खाते का?"

"खाते."

"किती?"

"अर्धं. कधी पूर्ण."

"हं." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग त्यांनी वाफ्यांकडे पाहिलं. वेल. रताळी नव्हेत, वेल! त्या आणखी वाकल्या, एक पान उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हात दाखव."

मी दाखवले. दोन दिवस घासूनही तळवे काळेच होते.

"हा चीक आहे. आपल्या शेतात काढायला रताळं नाही. कुणाच्या शेतात हात काळे केलेस?"

जुळवलेली वाक्यं पाटाच्या पाण्याबरोबर गेली. मी एका दमात म्हणाले, "टोपलीतली मी शिजवून भुंगीला घातली. आम्ही पण खाल्ली. तीन उरली. वेल थोरल्या जाऊबाईंनी दिला. दोन दिवस त्यांची काढणी केली. त्यांनी तो वाटणीच्या दिवशी चोरून नेला होता, हे तुम्हाला सांग म्हणाल्या."

भुंगीचे बाबा फावडं धरून उभे. पाणी सातवा वाफा भरून कडेवरून वाहू लागलं, तरी कुणी दार मोडेना.

"टोपलीतली का घातलीस?"

"तुम्हीच म्हणालात. राखलेली घाल."

"राखलेली?" सासूबाईंचे डोळे मोठे झाले. "मी राखेतली म्हटलं! राखे-त-ली!"

त्या तरातरा घराकडे निघाल्या, मी भुंगीला उचलून मागे. चुलीमागे राखेचं मोठं मडकं होतं, भांडी घासायला मी रोज वरची मूठभर राख घ्यायचे. त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक रताळं वर काढलं. मग दुसरं. मग तिसरं. बारकी, वाकडी, कुदळ लागून डोकी उडालेली. लावायच्या कामाची नाहीत म्हणून खायला ठेवलेली, कीड लागू नये म्हणून राखेत. चौदा निघाली. राखेचा लोट उठला, आम्ही तिघी खोकलो.

"तुझ्या हाताखाली होती रोज," त्या म्हणाल्या.

त्या चुलीपुढे बसल्या. बराच वेळ कपाळावरची राख पुसत राहिल्या. जितकी पुसत तितकी पसरत होती. काम काढून घेण्याची सुरुवात आता कुठून होणार, याची मी वाट बघत उभी होते.

"थंडीत कसा जगला तिचा वेल?" त्यांनी विचारलं.

"रोज गोधडी घालायच्या म्हणे. अंगावरची."

"गोधडी." मग हळूच, जणू चुलीला सांगताहेत : "मी गोणपाट टाकलं होतं. गोधडी टाकायचा जीव झाला नाही माझा. पाहुण्यासाठी ठेवली होती ना."

मी निखारे पुढे ओढले. त्यांनी 'मी करते' म्हटलं नाही. एकेक रताळं माझ्या हातात देत गेल्या, मी पुरत गेले. भुंगी त्यांच्या मांडीवर बसून निखाऱ्यांकडे बघत गुणगुणत होती.

"चोरून नेला म्हणाली?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो. तसंच सांग म्हणाल्या."

"तिला बोलायची अक्कल कधीच नव्हती." त्यांनी राखेतून काडी फिरवली. "चोरला काय. राखला म्हण."

भाजून झाल्यावर त्यांनी पाच रताळी वेगळी काढली, फडक्यात बांधली आणि माझ्याकडे सरकवली.

"त्या घरी दे. आणि नीट सांग, राखेतली आहेत. खायची. लावायची नाहीत."

मी कुंपणापाशी गेले. जाऊबाई धुण्याच्या दगडावर होत्या. कुंपणावरून गाठोडं दिलं, निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी फडकं सोडलं, एक रताळं मोडलं, वाफ उठली. तोंडात घातलं, जीभ भाजली, हा-हू केलं. मग माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून आमच्या घराच्या दिशेने चांगल्या मोठ्याने म्हणाल्या,

"मीठ नाही का दिलं कुणी?"

मी मागे पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, भुंगी कडेवर, दोघींचीही तोंडं राखेने माखलेली. माझे पाय दोघींच्या मध्ये अडकले होते. शेतातून भुंगीचे बाबा ओरडत होते की पाणी फुकट चाललंय, कुणीतरी या. मला कुणीकडे धावावं कळेना.

"का?" सासूबाई दारातून ओरडल्या, त्या घराशी तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि या वेळी एकही अक्षर हिरड्यांत अडकलं नाही. "तुझ्या घरी मीठ नाही?"

"आहे की!" पलीकडून आलं. "पण ते इथेच कुंपणापाशी कोण आणून देणार? माझे हात भरलेत!"

सासूबाईंनी भुंगीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, आत गेल्या, आणि मला मिठाच्या बरणीच्या झाकणाचा आवाज ऐकू आला. मी वाफ्यांकडे धावले.